बोटभर लांब परकर

श्रावणातला शेवटचा शनिवार, १९६०. दुपारी अडीच. स्थळ: राजापेठ, अमरावती, माझी बाहेरची खोली. हजर: घरमालकीण काकू, गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या टेलरच्या घरच्या चाची, दवाखान्यातली सिस्टर आणि मी. गैरहजर: कोणी नाही. वाचन: भाग चौतिसावा.

वहीतली नोंद इथे आहे तशी उतरवली आहे. यानंतर चौघींची हजेरी कधी लागली नाही.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. मोर्शीहून बदली होऊन आले, काकूंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. शनिवारी सकाळची शाळा असे. दुपारी बाराला घरी आलं की सोमवारपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं कारण नसे. घरातली कामं मी यादी करून करते, त्यामुळे ती लवकर संपतात. यादी संपल्यावर काय करायचं, ते कुठल्याच यादीत नव्हतं.

त्या वर्षीच्या जानेवारीत एका साप्ताहिकात क्रमशः कादंबरी सुरू झाली. पहिला भाग मी पायरीवर बसून वाचत होते. काकू वाती वळत ओट्यावर होत्या. म्हणाल्या, "मोठ्यानं वाच न वं बाई. मनातल्या मनात काय खाऊन राहिली?" मी मोठ्याने वाचलं. पुढच्या शनिवारी चाची आल्या. त्यांच्या मांडीवर काज-बटणाला आलेले शर्ट असत. त्यांना ऐकलेलं मराठी सगळं कळे, वाचता मात्र उर्दूच येई. मग सिस्टर येऊ लागली. वयाने लहान, स्वभावाने थट्टेखोर. सकाळची ड्यूटी करून यायची, भिंतीला टेकून डोळे मिटायची. झोपली म्हणावं तर नेमक्या जागी हसायची.

चहा माझ्याकडे. कप चार, चारही सारखे. सुरुवातीला काकू म्हणायच्या, "मी घरूनच घेऊन आली." एका बाजूला चाची, दुसऱ्या बाजूला छपन्न साली बौद्ध झालेल्या घरातली सिस्टर, त्यामुळे त्यांची अडचण मला समजत होती. मी चौथा कप भरून दर शनिवारी त्यांच्यापुढे ठेवत गेले. पाचव्या शनिवारी त्यांनी तो उचलला आणि साखर कमी आहे म्हणून मलाच बोलल्या.

गोष्ट तीन बहिणींची होती. थोरली विधवा, खानावळ चालवणारी. तिची सहा वर्षांची मुलगी आठव्या भागात तापाने जाते. तो भाग वाचताना मला दोनदा थांबावं लागलं. लेखक तेव्हा फार चांगलं लिहीत होता, हे सांगितलं पाहिजे. आठवडाभर आम्ही त्या खानावळीतच राहत होतो. काकू तर भाजीवालीला सांगायच्या, "आमची थोरली अशी वांगी घेत नाई."

मी शाळेच्या सवयीने वही ठेवली होती. आधी हजेरी, खाली भागाचा गोषवारा, कोण कोणाचं कोण. त्यामुळे विसाव्या भागाच्या आसपास मला पहिल्यांदा कळलं की गाडी रुळावरून उतरते आहे. धाकटीच्या नवऱ्याचा डावा पाय अधू होता, तो उजवा झाला. अकराव्या भागात वारलेली सासू बाविसाव्यात पाणी मागू लागली. मग चुकाही परवडल्या म्हणायची वेळ आली, कारण अर्धा अर्धा रकाना नुसती ढगांची वर्णनं येऊ लागली. आणि थोरलीची मुलगी जी गेली ती गेलीच. तिचा पुन्हा उल्लेख नाही. थोरली चपात्या लाटते, हिशेब करते, हसते, जणू तिला कधी मूल झालंच नव्हतं.

मी लेखकाला पत्र लिहायला घेतलं. सतरा चुका, भाग आणि पानासकट. पत्र टाकलं नाही. त्यापेक्षा सोपं काम समोर होतं. वाचतावाचता दुरुस्ती.

सासूची आत्या केली. पाय डावा केला. ढग गाळले. कोणाला कळलं नाही. उलट काकू म्हणाल्या, "आता पुन्हा रंगून राहिली गोष्ट." मला भीती एकच होती. गोष्ट कंटाळवाणी झाली तर या येणार नाहीत. लेखकाने चुकावं, त्याला हजार वाचक असतील. माझ्याकडे तीन होत्या.

एके दिवशी काकू मुलीकडे गेलेल्या, सिस्टरला ड्यूटी. चाची एकट्याच आल्या. दोघींसाठी कशाला वाचायचं म्हणून आम्ही नुसत्याच बसलो. काज करताकरता चाची म्हणाल्या, "बाई, त्या पोरीचं काय झालं? थोरलीच्या? तिची माय तिले कधी याद करत नाई का?"

"येईल पुढे," मी म्हटलं.

"सात वर्षांत मी एक दिवस नाई भुलली," चाची म्हणाल्या, आणि मला पहिल्यांदाच कळलं की त्यांचीही एक मुलगी गेली होती. सहाच वर्षांची. दरवर्षी ईदच्या आधी त्या उरलेल्या कापडातून तिच्यासाठी एक फ्रॉक शिवायच्या. मागच्या वर्षीपेक्षा एक बोट मोठा. शिवून पेटीत ठेवायच्या. "औंदा फ्रॉक नाई शिवला. कुर्ता शिवला. आता तेरा वर्षांची झाली न ते." मग दोऱ्याची गाठ दाताने तोडून म्हणाल्या, "कोनाले सांगू नका. येडी म्हणतील. घरीही मालूम नाई."

मी कोणाला सांगितलं नाही. मी त्याहून वाईट केलं.

नागपंचमीच्या आठवड्यातला एकतिसावा भाग हातात घेतला, तो जवळजवळ सगळा ढगांचाच होता. मी शांतपणे वाचू लागले. थोरली पेटी उघडते. गेलेल्या मुलीसाठी ती दर नागपंचमीला एक परकर शिवते, मागच्या वर्षीपेक्षा बोटभर लांब. खानावळीतल्या कोणालाही ते माहीत नसतं. अंकावर नजर ठेवून मी दहा मिनिटं असं वाचलं. आवाज कुठे अडखळला नाही. वर्गात पाठ घेताना असतो तसाच होता.

काकूंनी पदराने डोळे पुसले. चाचींची सुई थांबली होती. उठताना त्यांनी माझं मनगट धरलं. "बाई, हे लिहिणाऱ्याले कसं कळलं?"

"लेखकांना कळतं," मी म्हटलं.

"म्हणजे दुनियेत आनखी कोनी बाई असं करते. नाई तर त्यानं पाहिलं कुठं?"

त्या पुढचे तीन शनिवार सर्वांत आधी आल्या. एकदा शिरखुर्मा आणला. त्यांचा चेहरा ओझं उतरवून ठेवल्यासारखा हलका दिसे, आणि मी स्वतःला सांगत होते की हे माझ्यामुळे झालं, म्हणजे बरोबरच झालं.

आता त्या शेवटच्या शनिवाराकडे येते. वाचन संपलं होतं, चहा चालू होता. सिस्टर डोळे न उघडताच म्हणाली, "बाई, आमच्या वॉर्डात एका पेशंटजवळ मागचे अंक होते. मी चाळले. त्याच्यात त परकराचं कुठंच नाही."

"नीट पाहिलं नसशील," मी म्हटलं.

"पाहिलं न. एकतिसावा भाग. नुसते ढगच ढग. आमाले जास्त छापून येते का पेशंटले कमी?" ती हसत होती. तिला ही गंमत वाटत होती.

अंक क्रमाने लावून ठेवायची माझी सवय. काकूंनी हात लांब करून फळीवरून एकतिसावा बरोबर काढला. चष्मा लावला. त्यांना वाचता येत होतं, फक्त सवय नव्हती. ओठ हलवत पान संपवलं, मग उलटवून पाहिलं.

"काहून वं बाई? आमी काय पहिलीतल्या पोरी आहोत का?"

मी खरं ते सांगितलं. मुद्देसूद सांगितलं. लेखक कसा घसरला, काय काय विसरला, मी काय दुरुस्त केलं. वही उघडून सतरा चुका वाचून दाखवल्या. मला वाटलं, चुका ऐकल्यावर राग लेखकावर जाईल.

काकूंनी लेखकाला एका वाक्यात सोडून दिलं. "थकला असंल बिचारा. दर हप्त्याले लिहायचं म्हणजे काय खेळ आहे? माह्या हातची भाजी खारट होत नाई का कधी? म्हणून घरचे ताट फेकत नाईत. खातात, अन् म्हणतात आज खारट झाली. तू आमाले खारट म्हणूच दिलं नाई."

सिस्टर म्हणाली, "जाऊ द्या न काकू, बाईंची गोष्टच बरी होती." पण तीही आता डोळे उघडून बसली होती.

चाचींनी शर्टांची घडी केली, सुई कॉलरमध्ये खोचली, चपला घातल्या. मी मागोमाग गल्लीत गेले. तिथे त्या बोलल्या. आवाज चढवला नाही.

"यांले वाचता येते, यांनी वाचलं नाई. मले येतच नाई. माह्यासाठी तुमी वाचलं तेच छापलेलं होतं." मग म्हणाल्या, "मले वाटलं, कुठं तरी दुसरी आहे. मी रात-दिन तिच्याबद्दल विचार करत होती, बाई. अन् ते मीच होती. माह्याच ताटातलं काढून मलेच वाढलं तुमी, अन् म्हटलं शेजारून आलं."

पुढल्या शनिवारची नोंद: हजर, एक. त्यापुढच्याही तशाच. काकू ओट्यावरून बोलायच्या, भाड्याचं, नळाचं. सिस्टरची बदली झाली, जाताना भेटून गेली. मी अंक विकत आणत राहिले, क्रमाने लावत राहिले, पण उघडले नाहीत. चाळीस भागांवर कादंबरी संपली.

दसऱ्याच्या सुमारास टेलरमास्तरांनी दुकान अकोल्याला मोठ्या भावाजवळ नेलं. सामान खटाऱ्यावर चढत होतं तेव्हा मी जाऊन उभी राहिले. चाचींनी शिलाई मशीनवर गोधडी बांधली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एकदा या तिकडं. जसं छापलं तसं वाचून दाखवा. खराब असलं तरी चालंल."

दिवाळीच्या सुटीत गेले. विसाव्या भागापासूनचे अंक पिशवीत घेतले, बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला उतरले, पत्ता विचारत कापडबाजारामागची गल्ली शोधली. चाचींनी चटई टाकली, चहा दिला. बोलणं थोडंच झालं. मी वाचायला लागले. पाय उजवा तर उजवा. सासू जिवंत तर जिवंत. सासूने पाणी मागितलं तेव्हा चाची खुदकन हसल्या. "मेलेली बाई पानी मागते? देऊन टाका तिले." मलाही हसू आलं. दोन महिन्यांत मी पहिल्यांदा कोणाबरोबर हसत होते.

एकतिसावा भाग मी ढगांसकट वाचला. संपल्यावर चाचींनी विचारलं, "बस? इतकंच?"

"इतकंच."

"पोरीचं काईच नाई?"

"नाही."

"भुलला बिचारा," त्या म्हणाल्या. "मरद मानूस. भुलनारच." रागाने नाही, एखाद्या जवळच्या माणसाबद्दल बोलावं तसं. लेखकाला त्यांनीही माफ केलं होतं. माझ्याबद्दल त्या काही म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती. नऊ भाग उरले. दारात म्हणाल्या, "बाकीचे पुढच्या वेळी."

कुठलाही धडा मी आधी वाचल्याशिवाय वर्गात नेत नाही. त्याप्रमाणे घरी आल्यावर उरलेले भाग वाचून काढले. घाईत उरकलेले, रटाळ. चाळिसाव्या भागाच्या शेवटच्या रकान्यात थोरली खानावळीला कुलूप लावते. आणि मग एक वाक्य आहे: जाताना तिने फळीवरून एक लहान फुलपात्र उचललं, जे इतकी वर्षं ती रोज घासून भरून ठेवत होती, आणि ज्यातून कोणी पाणी प्यायलं नव्हतं.

बस्स, एवढंच. पण ते छापलेलं आहे. लेखक विसरला नव्हता, किंवा विसरला होता आणि शेवटी त्याला आठवलं. म्हणजे कुठे तरी दुसरी होती.

त्याच आठवड्यात निघावं असं ठरवलं होतं. पिशवी भरली. मग स्वतःला ते वाक्य अकोल्याच्या चटईवर वाचताना पाहिलं, आणि चाचींना माझ्याकडे बघताना पाहिलं. त्या विचारतील, "बाई, हे छापलेलं आहे का तुमचं?" मी अंक पुढे धरीन. त्यांना ती अक्षरं वाचता येणार नाहीत. मी शपथ घेईन, पण माझ्या वाचण्याचं काय झालं होतं ते आम्हा दोघींना माहीत आहे.

पिशवी रिकामी केली. दुसऱ्या कोणी वाचलं तरच ते खरं ठरेल. सात वर्षांनी, म्हणजे गेल्या वर्षी, काकूंच्या एका पाहुणीकडून कळलं की चाचींची नात मराठी शाळेत चौथीत गेली आहे. चौथीतल्या मुलीला ते वाक्य सहज वाचता येतं, हे मला माझ्या वर्गावरून माहीत आहे. म्हणजे अंक टपालाने पाठवायचा, त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारायची, आणि आपण जायचं नाही. आपण गेलो, शेजारी बसलो, की पुन्हा शंका येणार.

रेघ मारून झाली आहे. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीटही लावलं आहे. आठ वर्षांत माझ्या यादीतली बाकी सगळी कामं वेळेवर खोडली गेली, हे एक दर महिन्याला नव्या पानावर पहिल्या ओळीत उतरवावं लागतं. आधी तिथे 'वाचून दाखवणे' असे; वर्षभर आहे: अकोला, भाग चाळिसावा, पाठवणे.