व्हर्नाचं दुसरं कार्ड

व्हर्ना क्रेसली सव्वीस वर्षं शाळेची सात नंबरची बस चालवत होती. इतक्या वर्षांत तिच्या बसमध्ये एकही मूल चुकून मागे राहिलं नाही. खोटं बोलणं तर तिला जमतच नसे. शेजारणीचा केक बिघडला तर ती तोंडावर तसं सांगून मोकळी होई. त्यामुळे तिच्या घरी केक फारसे येत नसत.

नवरा एल्वुड गेला आणि त्याचं पिस्तूल तिच्या पर्समध्ये, पेपरमिंटच्या गोळ्यांशेजारी येऊन पडलं. परवाना रीतसर होता. आमच्या पेनसिल्व्हेनियात तो काढायला न्हाव्याकडे लागतो त्याहून कमी वेळ लागतो. पोलिसाने गाडी थांबवली, की लायसन्सबरोबर पिस्तुलाच्या परवान्याचं कार्डही आपणहून पुढे करायचं, ही एल्वुडची शिकवण. आमच्याकडचा पोलीस त्यावर आभार मानतो आणि तब्येत विचारतो.

नदीपलीकडे न्यू जर्सी, राज्य वेगळं आणि कायदेही वेगळे. पूल चालत ओलांडायला सहा मिनिटं. तिथलं सरकार माणसाला स्वतःच्या गाडीत स्वतःच्या हाताने पेट्रोलही भरू देत नाही, ते काम पंपावरच्या माणसाचं. ज्यांना पेट्रोलच्या नळीची इतकी धास्ती, ते पिस्तूल बघून काय करतील हे व्हर्नाला कळायला हवं होतं. पण त्या वर्षी पेट्रोल तिकडे स्वस्त होतं, आणि स्वस्त म्हटलं की आमच्या लोकांची अक्कल पुलाच्या अलीकडेच राहते.

टाकी भरून परतताना तिथल्या पोलिसाने तिला अडवलं. ब्रेकचा एक दिवा गेला होता. त्याने लायसन्स मागितलं. तिने दोन्ही कार्डं दिली.

"बाई, हे दुसरं कशाला दिलंत?"

"पर्समध्ये पिस्तूल आहे म्हणून. तुम्हाला सांगायला नको?"

"अहो, हे कार्ड पुलापलीकडचं! इथे याच्यावर वाचनालयातलं पुस्तकसुद्धा मिळणार नाही." तो बिचारा कळवळलाच. "मी विचारलं तरी होतं का? आता मला तुम्हाला धरावं लागणार."

साडेतीन वर्षांच्या कैदेची टांगती तलवार आठ महिने डोक्यावर राहिली. शेवटी पिस्तूल जप्त करून, वर्षभर देखरेखीखाली राहायच्या अटीवर सरकारने खटला गुंडाळला. पण तिचं शाळेची बस चालवणं त्या दिवसापासून बंद होतं, आणि व्हर्नाला कैदेपेक्षा त्याचंच जास्त लागलं होतं. गावात मात्र सगळ्यांचा एकच प्रश्न: "अगं, पण सांगितलंस कशाला?"

बसचा निकाल शाळेच्या मंडळाने लावायचा होता. शाळेत पिस्तूल नेता येत नाही, म्हणून मंडळाची सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरते. सभासदांची सोय बघायला नको का? अध्यक्ष लॉइड हन्सिकर, व्हर्नाचा शेजारी. त्याने कमरेचं पिस्तूल जरा मागे सरकवलं आणि घसा साफ केला.

"व्हर्ना, बस तुझीच आहे. फक्त या कागदावर सही कर, की पिस्तूल पर्समध्ये आहे हे तू विसरली होतीस."

"मी विसरले नव्हते, लॉइड."

"आम्हाला ठाऊक आहे गं! लिहायला काय जातंय?"

"पर्समध्ये काय आहे तेच जिला आठवत नाही, तिच्या बसमध्ये तू तुझी नात बसवशील?"

व्हर्नाने सात नंबरची किल्ली टेबलावर ठेवली. घरी येईपर्यंत तिने धीर धरला. मग स्वयंपाकघरात बसून पोटभर रडली.

शुक्रवारी लॉइड नेहमीसारखा पेट्रोलला निघाला. त्याचं पिस्तूल दर शुक्रवारी गाडीच्या खणात बसून पूल ओलांडतं, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. निघता निघता त्याने कुंपणावरून हाक मारली.

"व्हर्ना, जरा मागे उभी राहून बघ गं. ब्रेकचे दिवे लागतायत ना दोन्ही?"

त्याने ब्रेक दाबला. डावा लागला. उजवा काळाठिक्कर. आयुष्यात पहिल्यांदाच व्हर्नाला खरं सांगण्याआधी विचार करावा लागला. चांगला मिनिटभर.

"उजवा गेलाय, लॉइड," ती म्हणाली आणि घरात निघून गेली.