पाटसचा सभात्याग

दौंड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवायचो तेव्हाची गोष्ट. एकदा धड्यात ‘वॉक आउट’ आलं. मी पेपरातला शब्द सांगितला, सभात्याग. वर्ग ढिम्म. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “म्हंजी पंगतीतनं उठून जाणं का, सर?” मी मान्य केलं आणि उत्साहात पुढचं व्याकरण आमच्या गावाकडचंच सांगितलं. उठायचं ते भरल्या ताटावरून. चालायचं हळू, म्हणजे समजूत काढणाऱ्याला गाठता येतं. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा परत फिरायचं. मुलांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यात पाटसला सासुरवाडीला धोंड्याचं जेवण होतं. अधिक महिना, त्यामुळे दोन्ही जावयांना बोलावणं. मी थोरला. धाकटा, म्हणजे माझा साडू, शिक्रापूरला कंपनीत सुपरवायझर. पुरणाचे गरम धोंडे घेऊन सासूबाई आल्या आणि सरळ साडूच्या ताटाकडे वळल्या. त्याला आधी, मला नंतर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे उठायला हवं होतं. पण धोंडे समोर होते आणि वर तुपाची धार. मी सात खाल्ले, हात धुतला आणि मग सभात्याग केला.

मी ऐटीत अंगण ओलांडलं. कोपऱ्यावर चपलेचा अंगठा नीट करायला थांबलो. तो चांगला धड होता. मागे कुणी नाही. पुढे पुन्हा थांबलो, तेव्हा एक कुत्रं तेवढं मागे आलं होतं. पारावरच्या एका आबांनी दोनदा विचारलं, “पावनं, निघाला व्हय?” ते तरी थांबवतील म्हणून मी दोन्ही वेळा व्हय म्हणालो. त्यांनी बरं म्हटलं.

हायवेच्या थांब्यावर ऊन मी म्हणत होतं. दौंडची गाडी आली. कंडक्टरने चला म्हटलं, मी मागच्या गाडीने येतो म्हणालो. मागची आली, तिलाही तेच सांगितलं. आता मला खरोखर रडू यायला लागलं. शाळेत लोक मला सर म्हणतात, आणि इथे एक माणूस बोलवायला येऊ नये? उद्या साडूसमोर तोंड कसं दाखवायचं?

तेवढ्यात बायको येताना दिसली. जीव भांड्यात पडला. रीतीप्रमाणे मी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि पहिलं ‘नाही’ तयार ठेवलं. पण ती काही बोलेचना. बाजूला येऊन उभी राहिली. शेवटी मीच वळलो, तर तिच्या हातात आमची कपड्यांची पिशवी.

घरी सगळ्यांना मी शतपावलीला गेलोय असं वाटत होतं, असं तिने सांगितलं. सात धोंडे खाल्लेला माणूस रागावलाय हे कुणाच्या डोक्यात येणार? तिलाही तसंच वाटलं होतं. मग पारावरच्या आबांनी येऊन जावई थांब्यावर गेल्याचं सांगितलं.

“मला तिथंच टाकून निघाला व्हता?” तिने विचारलं.

कुणीतरी बोलवायला येईल असं वाटलं होतं, असं मी पुटपुटलो.

“आन् न्हाई आलं कुणी तर?”

शाळेतल्या मुलांना मी सगळे नियम सांगितले होते, पण मागे राहिलेल्या बाईचं काय, हे मला सुचलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. चुकलो म्हणालो, तिने ऐकून घेतलं नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा तिने पिशवी माझ्याकडे दिली.

“त्यांना आधी वाढलं ते मीबी बघितलं व्हतं,” ती म्हणाली. “तुम्ही नुसतं माझ्याकडं बघितलं असतं, तर मीच पयली उठले असते.”