सांडू इंजिनियर आणि फकिरा मिस्त्री

देवगाव रंगारीच्या सांडूनं बारावी सायन्स केली आणि त्याच उन्हाळ्यात मामाच्या हाताखाली गिलावा शिकायला तो शहरात आला. दहा वर्षांत तिथल्या गारखेडा भागात त्याचं नाव झालं. त्याच्या भिंतीला ओळंबा लावला तर दोरीच्या आड मुंगीला शिरायला फट मिळत नसे. रोज नऊशे रुपये, तेही चार दिवस आधी निरोप धाडला तर.

एका बंगल्याच्या कामावर तो नव्या इंजिनियरला म्हणाला, "साहेब, जिन्यात डोकं आपटंल." इंजिनियर विशीतला होता. त्यानं विचारलं, "तुझ्याकडं डिग्री आहे का?" जिना नकाशाबरहुकूम झाला आणि वास्तुशांतीला पहिलं डोकं गुरुजींचं आपटलं. पण तो सवाल सांडूच्या काळजात रुतून बसला. एकोणतिसाव्या वर्षी त्यानं बँकेतून चार लाखांचं शैक्षणिक कर्ज काढलं आणि एका खासगी कॉलेजात सिव्हिलला नाव घातलं.

"लोक कमवायसाठी शिकत्यात," बायको मनकर्णा म्हणाली. "तुमी कमाई सोडून शिकायला निघाले."

कॉलेजात पोरं त्याला काका म्हणत. काँक्रीटच्या तासाला सर पुस्तकातून माल कालवायला शिकवत आणि हळूच सांडूकडं बघत. सांडूनं मान हलवली की मगच पान उलटत. सुट्ट्यांत गिलावा करून त्यानं घर चालवलं, चार वर्षांत पास झाला, गल्लीत पेढे वाटले.

नोकरी मिळाली बारा हजारांची. बँकेचा हप्ता साडेआठ हजार.

मनकर्णानं बोटं मोजली. "उरले साडेतीन. मिस्त्री होते तवा तेवीस-चोवीस हजार यायचे. हे कमी करून घ्यायला चार लाख दिले व्हय?"

सांडू थापी घेऊन पुन्हा मजुरांच्या नाक्यावर गेला, तर जुना जोडीदार मजीद चहावाल्याची खुर्ची उचलून घेऊन आला. "बैठो साब." सांडू बसला. बाकीचे सगळे कामाला गेले. इंजिनियरच्या हातात थापी कोण देणार? अकरा वाजता चहावाल्यानं खुर्ची परत मागितली.

झक मारत त्यानं बारा हजारांची नोकरी धरली. मालक आप्पासाहेब ठेकेदार, काम एका तीन मजली इमारतीचं. आप्पासाहेब दिवसाआड चक्कर टाकत. महिन्याभरात त्यांचा मिस्त्री पळाला.

"माणूस बघा," त्यांनी फर्मावलं.

"एक हाय," सांडू म्हणाला. "फकिरा नावाचा. पहाटं आन् संध्याकाळीच येतो. रोजानं काम करतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला फकिरा हजर झाला. लुंगी, डोक्यातोंडाला गुंडाळलेलं उपरणं, भुवयांवर सिमेंट. नऊला त्यानं हौदावर अंग धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिवळं हेल्मेट चढवून सांडू इंजिनियर फकिराचं काम तपासायला निघाला. घमेली वाहणाऱ्या सरूबाईला सगळं ठाऊक होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "साहेब, कानामागचं सिमेंट पुसा."

पगार दोन झाले. हप्ता सुटून घरात तेल-मीठ येऊ लागलं. सांडूला इमानदारीची एवढी चाड, की एकदा कोपरा वाकडा आढळला तर त्यानं फकिराचा अर्धा दिवस कापला. घरी मनकर्णा दोन दिवस बोलली नाही.

एका सकाळी आप्पासाहेब सातलाच उगवले. फकिरा शिडीवर होता.

"काय रे, इंजिनियर कसा आहे आपला?"

"बरा हाय, मालक," उपरण्यातून आवाज आला.

"काम येतं का त्याला?"

"शिकतोय."

आप्पासाहेबांनी भिंतीवर हात फिरवला. "मिस्त्री असा असल्यावर इंजिनियर कशाला पोसायचा? पहिल्या तारखेपासून काढतो त्याला."

फकिराच्या हातातली थापी थांबली. "मालक, त्याच्यावर चार लाखाचं कर्ज हाय."

"मग शिकला कशाला?"

"चूक झाली असंल. पण त्यो गेला तर मी बी चाललो."

"तुझा कोण लागतो तो?"

"कोणी नाय. पण त्याचं लई वाईट वाटतं." आणि ते खरंच होतं. त्या इंजिनियरबद्दल इतक्या मायेनं आजवर कोणी बोललं नव्हतं. फकिराचे डोळे भरून आले.

आप्पासाहेब विरघळले. दहा वाजता त्यांनी इंजिनियरला गाठून झापलं, "तुमची नोकरी त्या अडाणी माणसानं वाचवली. संध्याकाळी त्याच्या पाया पडा. मी बघायला येणार."

सांडूनं दिवसभरात एकाच भिंतीची मापं तीनदा घेतली. सहाला आप्पासाहेब आले. "कुठंय फकिरा?"

सांडूनं हेल्मेट काढलं, शेजारच्या दोरीवरचं उपरणं डोक्याला गुंडाळलं आणि वाकून स्वतःच्याच पायांना हात लावला.

आप्पासाहेब वाळूच्या ढिगावर बसले. मग म्हणाले, "अर्धा दिवस कापला होता, तो कोणी कोणाचा?"

"मी माझा."

"कोपरा खरंच वाकडा होता?"

"व्हय."

त्यांनी त्याला काढलं मात्र नाही. एका माणसाला दोन पगार देणं त्यांच्या डोक्यात बसेना, म्हणून त्यांनी सांडूलाच इमारतीचा सगळा गिलावा ठेक्यानं दिला. सांडूनं मजीदला भागीदार घेतलं. पुढच्या वर्षी वैजापूरला दोन कामं मिळाली. कर्ज सहा वर्षांत फिटलं.

बँकेनं कर्ज फिटल्याचा कागद दिला त्या दिवशी मनकर्णानं तो दोनदा वाचला आणि विचारलं, "आता पोरीला काय शिकायला घालायचं?"

"तिला विचारू," सांडू म्हणाला. पोरगी तेव्हा दुसरीत होती. तिनं सांगितलं, तिला पोलीस व्हायचंय.