बाहेरून कुलूप

फ्रीलान्सिंग कसं करावं यावर सल्ले देणारी माणसं बहुतेक नोकरीत असतात. स्वतंत्र टेबल घ्या, कामाचे तास ठरवा, नम्रपणे नाही म्हणायला शिका. मी हे सगळं केलं. नवीन पनवेलजवळ विचुंब्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये टेबल आलं, खुर्ची आली, दारावर कामाच्या तासांचा कागद लागला. त्या कागदामुळे एवढंच झालं, की मी नक्की कधी घरी सापडेन हे सगळ्या बिल्डिंगला कळलं.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. मिक्सरची माहितीपत्रकं, बँकांची ॲप, शाम्पूच्या बाटलीवरची आश्वासनं, येईल ते. बिल्डिंगच्या लेखी मात्र मी लॅपटॉप उघडून बसलेली रिकामी बाई होते. चाव्या माझ्याकडे, पार्सलं माझ्याकडे. सेक्रेटरींनी सिलिंडरवाल्याला परस्पर माझा नंबर दिला आणि वर येऊन सांगितलं, की तेवढाच तुमचा वेळ जाईल.

समोरच्या काकू मूळ गावच्या. बिल्डिंग त्यांच्या शेतावर उभी आहे, त्यामुळे आमचा फ्लॅटही त्यांना अजून शेताचाच तुकडा वाटतो. एका मोठ्या कंपनीशी माझी पहिली व्हिडिओ मीटिंग चालू असताना त्या बोंबलांची टोपली घेऊन आत आल्या. ऊन माझ्या गॅलरीत जास्त येतं ना. "तू घरीच हाय ना, कावल्यांवर नजर ठेव जरा," म्हणाल्या आणि कॅमेऱ्यासमोरून निघून गेल्या. कंपनीच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, तुम्ही हे काम पूर्ण वेळ करता का? मग म्हणाल्या, महिनाभर बघू, जमलं तर वर्षाचं काम देऊ. असं काम मला आजवर मिळालं नव्हतं आणि ते मला हवंच होतं.

तेव्हा मी एकाही सल्लागाराला न सुचलेला उपाय काढला. खारघरला ऑफिसला जाताना नवरा बाहेरून कुलूप लावायचा आणि मी आत काम करायची. आग लागली तर काय करशील, असं आईनं फोनवर विचारलं. म्हटलं, काम तरी वेळेत गेलेलं असेल.

कुलूप बघून लोक बेलही वाजवेनात. मला नोकरी लागली असं बिल्डिंगनं आपापसांत ठरवून टाकलं. संध्याकाळी नवऱ्यानं कुलूप काढलं की मी पर्स अडकवून भाजीला उतरायची, आणि जिन्यात लोक मला वाट करून द्यायचे. एकदा सेक्रेटरींनी चक्क विचारलं, दमलात का? इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगते, बरं वाटलं.

महिना संपला आणि एका सकाळी वर्षाच्या कामाचा मेल आला. मी धावत जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो अरे वा म्हणाला, डबा घेतला आणि कुलूप लावायला बाहेर गेला. तिथे काकूंनी त्याला गाठलं. मी दाराला कान लावून उभी होते.

"बायको लागली म्हणं कामाला?"

"हो काकू, लागली एकदाची. किती वर्षं नुसती घरात बसून होती."

तो माझ्यासाठी खोटं बोलतोय, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. पण खोटं बोलताना माझा नवरा अडखळतो. तेव्हा तो अजिबात अडखळला नाही.