लावणीत गळलेलं अवसान
उपटलेल्या भातरोपांचा ओला वास आला की मला धसईजवळचं सासरचं खाचर आठवतं. लग्नानंतरची पहिलीच लावणी होती. बाया ओळीने वाकून मागे सरकत रोपं लावत होत्या. मी रेंगाळले, बाजूच्या जणी आपापला पट्टा लावून बांधाशी पोचल्या आणि मी दोन्ही बाजूंच्या लावलेल्या रोपांमध्ये एकटीच कोंडली गेले. कोणीतरी हसलं. ‘अवसान गळणे म्हणजे धीर खचणे’ हे मी शाळेत वाक्यात उपयोग करून पाठ केलं होतं; ते असं पोटऱ्यांतून उतरतं, हे त्या चिखलात कळलं. हातातली रोपांची मूठ पाण्यात पडली. सासूबाई आल्या, माझ्या शेजारी वाकल्या आणि म्हणाल्या, “कालचं खाचर बघ गो.” तिथली रोपं पिवळी पडून पाण्यावर लोळत होती. “मेली नाय ती. जागा बदलली का चार दिस मान टाकतात. उपटून बघायचं नाय.” दोघींनी मिळून पट्टा संपवला. काल पुण्याहून, नव्या नोकरीवरून, लेकीचा रडवेला फोन आला, “आई, मला नाही जमणार इथे.” मी एवढंच विचारलं, “तिकडं जाऊन किती दिवस झाले गो तुला?”