भावोजींचा दुसरा कॅमेरा

माझे भावोजी कवळ्या करतात. दातांचे डॉक्टर माप पाठवतात आणि भावोजी लॅबमध्ये, म्हणजे दोन खिडक्या आणि एक भट्टी असलेल्या खोलीत, दिवसभर मेणात दात बसवत वाकलेले असतात. कुणाच्या दाताला पांढऱ्याची कुठली छटा लागेल हे त्यांना लांबून कळतं. माणूस जवळ बसला तरी कळत नाही, हे माझं त्यांच्याबद्दलचं जुनं मत.

त्यांना नाद एकच, रोलचे कॅमेरे. तेही साधेसुधे नव्हेत, हातात घेतल्यावर वजनावरूनच भाव कळावा असे. या नादातल्या लोकांची जमातच वेगळी. ते एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, कुणाकडे कुठला कॅमेरा आहे यावरून ओळखतात. मूळ खोका आणि मूळ पट्टा मिळाला की यांचा कंठ दाटून येतो. प्रत्येक खरेदी शेवटची असते. विकायला काढतात तो फक्त पुढचा घेण्यासाठी.

ताईला वाटायचं, नवऱ्याकडे एकच चांगला कॅमेरा आहे. वाटणारच. भावोजींकडे हुबेहूब सारखे दोन काळे कॅमेरे होते, एक वापरायला आणि एक जपायला. एक घरी असला की दुसरा लॅबच्या खालच्या खणात, प्लास्टरच्या जबड्यांमागे. वापरायच्या कॅमेऱ्याच्या तळाला ओळखीसाठी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला असायचा. हे मला माहीत होतं, कारण एकदा कात्री शोधताना मी तो खण उघडला होता. मी गप्प बसले. संसार त्यांचा, मी कशाला चोंबडेपणा करू?

आता बाबांचं सांगते. दात गेल्यापासून आमचे बाबा फोटो काढताना तोंडावर हात धरायचे. सात-आठ वर्षांत त्यांचा एक धड फोटो नाही. कवळीचं नाव काढलं तरी उठून जायचे. शेवटी भावोजी त्यांना लॅबमध्ये घेऊन गेले, तीनदा मेणात दात बसवून बघितले आणि अशी कवळी केली की बाबा आरशासमोरून हलेनात. तेव्हा कुठे एका सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी भावोजींना फोटो काढू दिले. पंधरा दिवसांनी बाबा झोपेतच गेले.

पुढचे चार महिने ताई विचारत होती, "बाबांचे फोटो कधी बघायला मिळणार?" भावोजींचं उत्तर ठरलेलं. "रोल संपू दे. अजून चौदा शिल्लक आहेत." अर्धा रोल धुवायला देणं या जमातीत पाप समजतात. उरलेले चौदा कशाचे काढावेत तेही त्यांना ठरवता येईना. ताई चिडायची नाही. तिच्या वाटचं मीच चिडून घ्यायचे.

त्या मंगळवारी दुपारी सव्वाबाराला भावोजींचा फोन आला. मी गाडी शिकवते. तेव्हा एका बाईंना उलटी गाडी लावायला शिकवत होते.

"कुठे आहेस? गाडी घेऊन लॅबवर ये. ताईला काही बोलू नकोस."

लॅबच्या दारात ते पांढऱ्याफटक चेहऱ्याने उभे होते, बोटांना मेण तसंच. गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. जपायचा कॅमेरा त्यांनी विकला होता, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांना. पाठवण्याआधी तो पुसायला काढला आणि दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तोही पुसला. पुसताना चिकटपट्टी काढली. आज उरलेला कॅमेरा हातात घेतला आणि रोल गुंडाळायची कळ फिरवून बघितली. आत रोल असला की ती जड लागते. ती भिंगरीसारखी फिरली.

"म्हणजे बाबा..." मी म्हटलं.

"पार्सलमध्ये."

मी करकचून ब्रेक मारला. मागच्याने हॉर्न दिला, त्याला मी आरशातून काय वाटेल ते बोलले.

"फोन करा त्यांना."

"बंद आहे. दोनपर्यंत ऑपरेशनं असतात. मेसेज टाकलाय, हॉस्पिटलमध्येही निरोप ठेवलाय. दोनला ते घरी जेवायला जातात. पार्सल सकाळीच वॉचमनकडे पोचलंय."

पुढचं मला ठाऊक होतं. कॅमेरा हातात आला की यांच्यातला प्रत्येक जण पहिली गोष्ट एकच करतो. मागचं झाकण उघडतो आणि आतला शटरचा पडदा ठीक आहे ना ते उजेडात धरून बघतो. आत रोल असला तर उजेड लागून सगळं संपलं.

दीड तासाचा रस्ता होता आणि हातात नेमका दीड तास. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. एरवी तिथे मी बसते, आज भावोजी होते. ट्रक दिसला की त्यांचा पाय त्या ब्रेकवर पडायचा आणि गाडी आचके द्यायची.

"पाय वर घ्या," मी ओरडले. "नाहीतर खाली उतरवीन."

त्यांनी पाय वर घेतले आणि शाळेतल्या मुलासारखे मांडी घालून बसले. एका फाटकापाशी अकरा मिनिटं गेली. मालगाडीचे डबे संपता संपेनात. भावोजी मोबाइल कानाला लावून बसले होते आणि तीच बाई परत परत सांगत होती की हा क्रमांक बंद आहे. मला त्यांचा इतका राग आला होता की बोलायला लागले असते तर थांबले नसते.

दोन वाजून सात मिनिटांनी आम्ही डॉक्टरांच्या बिल्डिंगखाली होतो. वॉचमन म्हणाला, "साहेब आत्ताच पार्सल घेऊन वर गेले." लिफ्टची वाट न बघता आम्ही तीन जिने चढलो.

डॉक्टरांनी दार उघडलं. एका हातात कॅमेरा, पायांत अजून बूट. भावोजींना बघून त्यांचा चेहरा पडला.

"रोल होता हो आत," ते म्हणाले. "दिसल्याबरोबर मी झाकण लावलं."

"कुठे उघडलात?"

"खिडकीपाशी. उजेडात बघायला म्हणून." मग त्यांचाच आवाज बारीक झाला. "तुमचा निरोप आहे फोनवर. वाचायच्या आधी खोका उघडला मी."

भावोजी चपलांच्या कपाटावरच बसले. डॉक्टरांनी त्यांना पाणी दिलं. मग दोघं हलक्या आवाजात बोलायला लागले. काढलेला रोल आत गुंडाळला जातो. आधीचे फोटो आतल्या वेढ्यांत जातात, नंतरचे बाहेरच्या. ऊन बाहेरच्यांना लागतं. आतले वाचतील. ते ऐकून मला जरा धीर आला.

परतताना कॅमेरा भावोजींच्या मांडीवर होता. मी विचारलं, "आतले म्हणजे आधी काढलेले ना?"

"हो."

"मग आधी कुणाचे काढले होते?"

भावोजींनी न सांगताच पाय वर घेतले. येताना त्यांनी एकदाही ब्रेक दाबला नाही.

तीन दिवसांनी स्टुडिओतून पाकीट आलं. भावोजींनी ते न उघडताच जेवायच्या टेबलावर ताईपुढे ठेवलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, धीराला म्हणून. ताईने हात पुसले, चष्मा लावला आणि पहिला फोटो बाहेर काढला.

फोटोत प्लास्टरचे दोन जबडे होते आणि मधे काळा कॅमेरा. दुसऱ्या फोटोत तोच कॅमेरा बाजूने. तिसऱ्यात वरून. असे बारा. काय सुरेख आले होते, एकेक खाच मोजून घ्यावी.

"हा तर तुमचाच कॅमेरा," ताई म्हणाली. तिने फोटो खाली ठेवला. "मग हे फोटो कशाने काढलेत?"

"दुसऱ्याने," भावोजी म्हणाले.

ताईने माझ्याकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायची इच्छा फार झाली, पण जमलं नाही. तिने मान फिरवली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने पाकिटात परत हात घातला. आत एकच फोटो उरला होता. उजवी कड पार पांढरी झालेली, खिडकी अर्धी गेलेली. खुर्चीत बाबा बसले होते. डोळे हसत होते. तोंडावर हात होता.

"बाबांचे किती काढले होते?"

"दहा. बाकीचे जळाले."

ताईने फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ ती त्या हाताकडे बघत होती, त्याच्या मागे काही दिसेल असं वाटत असल्यासारखी.

"हात जरा बाजूला घ्या, एवढं म्हणायचं सुचलं नाही तुम्हाला?"

"म्हणालो होतो," भावोजी म्हणाले. "पुढच्या फोटोत घेतला होता त्यांनी."