कामठीच्या छावणीतली पहिली उबवण

दुसऱ्या महायुद्धात मला ब्रह्मदेशच्या आघाडीवरून परत पाठवलं ते कानामुळे. तोफेचा गोळा जवळ फुटला आणि डावा कान गेला. मेडिकल बोर्डाने लो कॅटेगरी दिली, म्हणजे आघाडीसाठी अनफिट, आणि माझी नेमणूक कामठी छावणीत झाली. मी हवालदार होतो. घर नागपुरात, सदरला. काम कोंबड्यांचं. लष्करी इस्पितळातल्या जखमींना अंडी पुरत नव्हती, म्हणून छावणीत पोल्ट्री फार्म काढला होता. बटालियनमधले सोबती खंदकात आणि मी खुराड्यात. घरी मी 'सप्लायमध्ये आहे' एवढंच सांगितलं होतं.

माझ्या हाताखाली एक जण होता. सिपाही श्रावण कुंभरे, रामटेकजवळच्या एका खेड्यातला. तोही आघाडीवरून आलेला. मलेरियाने पार वाळला होता. घरी त्याची आई कोंबड्या पाळायची, त्यामुळे फार्मचं निम्मं ज्ञान त्याच्याकडेच होतं.

एप्रिलमध्ये इन्क्युबेटर आला. लाकडी पेटी, पुढे काचेचा दरवाजा, बाजूला रॉकेलचा दिवा, आत थर्मामीटर. सोबत इंग्रजी पुस्तिका. ती मी वाचून श्रावणला सांगितली. एकशे तीन डिग्री, ना कमी ना जास्त. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. ट्रेमध्ये पाणी ठेवायचं. अठराव्या दिवसानंतर पिल्लं बाहेर येईपर्यंत दरवाजा उघडायचा नाही.

श्रावणचा विश्वास बसेना. "खुडूक कोंबडी अंड्यावर बसते, हवालदार साहेब, तवा पिल्लं निंगते. दिव्यानं कशी निंगतीन?"

एकशे वीस अंडी ठेवली. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री आठ अशी फिरवण्याची वेळ. बाहेरचा पारा एकशे दहाच्या वर जायचा. खोली त्याहून गार राहिली नाही तर आतली अंडी शिजणार, म्हणून खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि श्रावण दिवसभर त्यांवर पाणी मारत राहिला. बिछानाही त्याने त्याच खोलीत आणला. प्रत्येक रीडिंग मी कार्डावर लिहीत होतो.

सातव्या दिवशी खोलीत अंधार करून एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. आत लाल शिरांचं जाळं आणि मधोमध हलणारा ठिपका. श्रावणने ते अंडं बराच वेळ खाली ठेवलं नाही. नंतर म्हणाला, इतकी वर्षं कोंबड्या पाळल्या, पण हे आत असं चालतं हे ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून तो दिव्याची वात माझ्या हातीही देईना. खरं सांगायचं तर मलाही खुराड्याची लाज वाटेनाशी झाली होती.

विसाव्या दिवशी सकाळी पहिली चोच टवक्यातून दिसली. नऊ वाजेपर्यंत चाळीसेक अंड्यांना टवके पडले होते. कान लावला की आतून चिवचिव ऐकू यायची. मी उजवा कान लावला होता.

अकरा वाजता आमचे कॅप्टन साहेब एका ब्रिगेडियरना घेऊन आले. सोबत आणखी तीन ऑफिसर. आगाऊ वर्दी नव्हती. ब्रिगेडियरना पिल्लं बघायची होती. काचेवर वाफ धरली होती, नीट दिसेना.

"हवालदार, दरवाजा खोलो," कॅप्टन म्हणाले.

मी पुस्तिकेतला नियम सांगितला. त्यांनी तोच हुकूम पुन्हा दिला. तेव्हा श्रावण पेटीसमोर येऊन अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"साहेब, उद्या पाहा. आज उघडलं त मरतीन."

सिपाही ऑफिसरच्या हुकुमाआड येतो, तेही पाहुण्यांसमोर. कॅप्टनचा चेहरा लाल झाला. ते त्याच्याशी बोललेच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "ओपन इट."

मी श्रावणला बाजूला केलं आणि दरवाजा उघडला.

वीस मिनिटं तो उघडा होता. पाहुण्यांना उजेड हवा म्हणून ताट्याही वर केल्या होत्या. बाहेरची कोरडी, गरम लू सरळ पेटीत शिरत होती. एक अंडं हातोहात फिरलं, साहेब लोक हसले, निघून गेले. मी दरवाजा लावला. श्रावणने पाण्याचे ट्रे पुन्हा भरले, दिवा सारखा केला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

दुपारनंतर चिवचिव कमी होत गेली. अंड्याच्या आतला पापुद्रा वाळून पिल्लांच्या अंगाला चिकटला होता. टवका पडलेला, चोच बाहेर, आणि पिल्लू आत जागच्या जागी मेलेलं. श्रावण कोमट पाण्यात बोट बुडवून पापुद्रे सोडवत बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकोणीस जगली.

तिसऱ्या दिवशी कॅप्टननी रिपोर्ट तयार केला. सोळाव्या दिवशी सिपाही कुंभरेच्या निष्काळजीपणाने दिवा विझला, म्हणून अंडी वाया गेली, असं त्यात होतं. माझं रीडिंगचं कार्ड त्यांनी मागून घेतलं, ते परत दिलं नाही. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

मी सही केली. धमकी कुणी दिली नव्हती. देण्याची गरजच पडली नाही.

श्रावणला फिट ठरवून बटालियनमध्ये परत पाठवलं. कामठी स्टेशनवर मी गेलो होतो. मी म्हणालो, माझा नाइलाज होता. तो ट्रंकेवर बसला होता.

"तुमी पुस्तक वाचलं होतं, साहेब," तो म्हणाला. "मले त वाचताच येत नाही."

गाडी आली, तो चढला.

पुढच्या उबवणीत त्र्याण्णव पिल्लं निघाली. त्याबद्दल मला बढती देऊन जमादार केलं. त्याच पावसाळ्यात आघाडीवरच्या एका सोबत्याचं पत्र आलं. नदी ओलांडताना मशीनगनच्या माऱ्यात श्रावण गेला.

लढाई संपल्यावर मी त्याच्या गावी गेलो. आई ओसरीवर धान पाखडत होती. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तब्येत खराब म्हणून इकडं धाडला होता ना, बाबू? मंग परत काहून नेला?"

मी म्हणालो, "हुकूम होता, माय."

तिने मान हलवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं. एवढंच बोलून मी निघालो. दुसऱ्यांदा गेलो नाही.

तो रिपोर्ट कुठल्या तरी फायलीत असेल. म्हणून हे लिहून ठेवतो. सिपाही श्रावण कुंभरे ब्रह्मदेशात पडला. कामठीत एकवीस दिवस दिवा त्याच्याकडे होता. तो एकदाही विझला नाही.